आधी खालची बांधी

मी वर्ध्याला एका होस्टेलचं स्वयंपाकघर चालवते. तांदूळ पोत्यांनी येतो. दुकानदाराला मी एकदा सहज म्हटलं, की आमच्या जिल्ह्यातही धान होतो, तर तो हसला. "मॅडम, धान भंडाऱ्याकडे. आपल्या इथं कापूस नाईतं सोयाबीन." मी वाद घातला नाही. सेलूच्या बाजूला, टेकड्यांच्या पायथ्याशी, एका जुन्या तलावाखाली थोड्याशा बांध्या होत्या, एवढंच. धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. तेवढ्यासाठी जिल्ह्याचा नकाशा कोण बदलतो?

श्रावणात धाकट्या भावाचा, गजूचा, फोन आला. "ताई, शुक्रवारी रोवणी आहे. येशीन का?"

कित्येक वर्षांत त्यानं मला रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, बोलावलं नव्हतं. माझे गुडघे आता वाकत नाहीत, हे त्याला माहीत आहे. म्हणजे कामाला बोलावत नव्हता. मी दोन दिवसांच्या भाज्या ठरवून दिल्या, किल्ल्या मदतनीस बाईकडे दिल्या आणि गुरुवारी दुपारची बस पकडली.

बस फाट्यावर सोडते. तिथून तलावाच्या पाळीवरून चालत जायचं. पूर्वी पाळीवर उभं राहिलं की सगळं एका नजरेत यायचं. पायरीपायरीनं खाली उतरत गेलेल्या बांध्या, प्रत्येकीला गुडघाभर उंच मातीचा धुरा, आणि अगदी तळाशी, पळसांच्या रांगेपाशी, आमची. आता आधी कुंपण दिसतं. तारेची जाळी, सिमेंटचे खांब. आत बांबूच्या सरळ ओळी, ठिबकच्या काळ्या नळ्या, आणि वरच्या अंगाला प्लास्टिक अंथरलेलं भलंमोठं तळं. काठोकाठ भरलेलं. तलावातून निघणारं पाणी आता थेट त्या तळ्यात जातं. एवढं निळं पाणी आमच्या शिवारात मी कधी पाहिलं नव्हतं. आमचं पाणी मातकट असायचं.

मालक कोण, ते गावात कुणाला ठाऊक नाही. कुणी नागपूरचे म्हणतं, कुणी पुण्याचे. आमच्यासारख्या आणखी तीन गावांच्या शिवारात त्यांचं कुंपण आहे म्हणतात.

आमच्या तलावाची एक रीत होती. आधी खालची बांधी. कुणी घालून दिली, माहीत नाही. वरच्या बांध्या मुरमाड, तिथं पाणी टिकत नसे. तळाची काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. म्हणून तलावाची मोरी उघडली की वरच्यांनी पाणी अडवायचं नाही. प्रत्येक धुऱ्याला एक फोड असायची, तिला तोंड म्हणत. सगळ्यांनी आपापली तोंडं मोकळी सोडायची आणि पाणी सगळ्यांच्या शेतांतून चालत चालत तळाशी यायचं. तळ भरला की तिथून हाक उठायची, "भरलीऽऽ!" वरचा ती ऐकून आपलं तोंड चिखलानं बुजवायचा. त्याची भरली की तो हाक द्यायचा. अशी हाक पायरीपायरीनं चढत जायची आणि शेवटी नामाकाका मोरी बंद करायचे. सगळ्यात वरची बांधी त्यांची. सगळ्यात शेवटी पाणी त्यांना.

आमच्याकडून हाक द्यायचं काम माझं होतं. आवाज मोठा होता. आई म्हणायची, "हे पोरगी सासरी गेली तं तलाव बंद करा लागन."

रोवणीच्या चिखलाला एक वास असतो. कुजलेलं गवत, शेण आणि किंचित लोखंड. तो केसांत बसायचा, भाकरीला लागायचा, वहीच्या पानांना यायचा. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, संध्याकाळी आई त्यांत हळद नि तेल भरायची, आणि आम्ही भावंडं तंगड्या वर करून ओसरीवर पडलेली असायचो. पाय जळायचे. तरी सकाळी चिखलात पहिलं पाऊल पडलं की गार वाटायचं.

बाया ओळीनं, मागं मागं सरकत रोवायच्या. डाव्या हातात जुडी, उजव्या हातानं चिमूट चिमूट चिखलात. पाण्यात बोटं शिरताना बारीक आवाज होतो, डुबुक असाही नाही, चुळुक असाही नाही. पंधरा-वीस बायांचा तो आवाज एकदम आला की पाणी आपसात कुजबुजतंय असं वाटे. रोवणी चालू असताना धुऱ्यावरून जाणारा पुरुष सुटत नसे. बाया त्याच्या पायांपुढे पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी आडवी टाकायच्या. मग त्यानं बायकोचं नाव घ्यावं, नाहीतर सगळ्यांना गूळ द्यावा. एकदा शाळेचे मास्तर सायकल हातात धरून सापडले. गूळ नव्हता. नाव घ्यायला तयार होईनात.

"काऊन गा मास्तर, नाव येत नाई का बायकोचं?"

"येतं हो. पण तिला आवडत नाही मी घेतलेलं."

"मंग घरी हाक कशी मारता?"

"मारतच नाही. तीच मारते," मास्तर म्हणाले, आणि बाया चिखलात बसकण मारून हसल्या. त्यांना बिनगुळाचं सोडलं.

दिवाळीच्या आधी धान पिवळा पडू लागला की तोंडं पुन्हा उघडायची, या वेळी पाणी बाहेर काढायला. तोंडाशी बांबूचा सापळा लावायचा. त्यात बोटाएवढ्या मासोळ्या, झिंगे, एखादा रागीट खेकडा. कौलांवर मासोळ्या वाळायच्या आणि गावातली सगळी मांजरं मान वर करून फिरायची. मग कापणी. विळ्यांचा खसखस आवाज, उन्हात गरम झालेल्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, गोडसर वास, आणि भारे रचून केलेली पुंजणी, घराएवढी उंच. आम्ही त्यांच्यावरून घसरायचो आणि अंगभर खाज घेऊन घरी जायचो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो. होस्टेलातल्या मुली तसा भात ताटात टाकतील. पण तो शिजताना झाकणाखालून जी वाफ येते ना, तिनं शेजारच्या घराला कळायचं की यांच्याकडे नवा निघाला.

मग नामाकाकांनी या कुंपणवाल्यांना बांधी विकली.

त्या दिवशी गावाला त्यांच्याकडे जेवण होतं. तलावाच्या पाळीखाली गोवऱ्यांचा जाळ करून रोडगे भाजले होते, सोबत वांग्याची भाजी. मीही गेले होते. सगळे नामाकाकांच्या पाठीवर थापा मारत होते.

"दगडं घेतले गा बेट्यानं!"

"तिथं तं भालाही रुतत नाई. बांबू काय लावते तो!"

"नामाकाका, तुमी त्याले पावसाचे दिवस दाखवले का उन्हाळ्याचे?"

"म्या तं त्याले काईच दाखवलं नाई," नामाकाका म्हणाले. "त्यानं मोबाइलमंदीच पाह्यलं." त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. जन्मभर सगळ्यात शेवटी पाणी मिळालेला माणूस, त्याला पहिल्यांदा काहीतरी सगळ्यांच्या आधी मिळालं होतं.

शहाणा माणूस खालची काळी जमीन मागेल, आणि ती आम्ही देणार नाही, असं आमचं ठरलेलं. वरची गेली तर गेली. पाण्याचं नाव त्या दिवशी कुणाच्या तोंडून निघालं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. पाणी वरच्या बांधीचं आहे असं कुणाला कधी वाटलंच नव्हतं. ते तिथून फक्त जात होतं. रोडगे तुपात चुरून आम्ही पोटभर जेवलो, बोटं चाटली, आणि कापडाला हात पुसून घरी आलो.

त्यानंतरची वर्षं मी पाहिली नाहीत. ऐकली. पहिल्या वर्षी पाणी उशिरा आलं. दुसऱ्या वर्षी मोरीवर लोखंडी दार बसलं. मग वरून दुसरी बांधी गेली, मग तिसरी, जशी हाक चढायची तशी विक्री उतरत आली. माझ्याशी फोनवर बोलताना गजू हवापाण्याचं बोलायचा. आता तळाची आमची एकटी उरली होती.

गुरुवारी कुंपणाच्या दारापाशी मला नामाकाका भेटले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. अंगात निळा सदरा, खिशावर काहीतरी शिवलेलं, डोक्याला टोपी. गार्डची नोकरी त्यांना मालकांनी दिली आहे. ते उठून उभे राहिले, जणू मीच साहेब होते.

"कवा आली व पोरी?"

"आत्ताच. उद्या रोवणी म्हणतो गजू. पाणी कुठलं?"

त्यांनी मागं वळून पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं, "मॅनेजर उद्या नागपूरले चालला. मी मोरीचं दार उघडतो सकाळी. तळं तं भरूनच हाय, तिकडचं पाणी वळवतो जुन्या वाटंनं. दोपारपावतर तुमची बांधी भरते."

"आणि तुमची नोकरी?"

"नोकरीचं काय व. दोन घंट्याचं काम." मग म्हणाले, "मी कवा तुमचं पाणी अडवलं होतं का, सांग बरं?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हतं अडवलं.

घरी गजूची बायको, सुमन, पऱ्ह्यांच्या वाफ्याशी होती. विहिरीला पाणी आता एवढंच, की घागरींनी शिंपून वाफा जगवता येतो. बांधी भरत नाही. पाऊस येत होता, जात होता. धानाला नुसता पाऊस पुरत नाही, उभं पाणी लागतं. सुमननं एक रोप उपटून माझ्या हातावर ठेवलं. मी अंगठ्यानं चाचपलं. बुडाशी गाठ लागली.

"कांडं धरलं," मी म्हटलं.

"हौ. वय झालं त्याईचं." तिनं मुळांची माती झटकली. "उद्या गेले तं गेले चिखलात, नाईतं मंग नाईच. बियाणं बी नाई उरलं, ताई."

"आणि मग?"

"मंग काय. तो मालकाचा गाडीवाला पोरगा येतच राह्यते, बांधी मागाले. चहा पेतो, 'घाई नाही काकू' म्हणते, अन जाते. घाई नाई म्हणते थो, तवाच जीवाले कसंतरी होते." तिनं दुसरं रोप उपटलं. "हे एक साल निघालं ना, तं मी त्याले दारातूनच परतवते. घरात तांदूळ असला का माणसाले नाई म्हणता येते."

मी तिच्याशेजारी बसले. गुडघे दुखले, पण बसले.

शुक्रवारी उजाडताच बाया आल्या. आता गावात रोवणाऱ्या बाया कमीच उरल्यात, बाकीच्या कुंपणाच्या आत निंदायला जातात. त्यातल्या काहींनी आज सुट्टी टाकली होती. पदर खोचलेले, जुन्या साड्या. वाफा पाहून त्या गप्प झाल्या नाहीत, उलट सुटल्याच.

"काय व सुमन, हे पऱ्हे हाय का ऊस हाय?"

"लग्नाची पोरगी ठेवल्यासारखे ठेवले घरात!"

"आज उजवते ना मंग," सुमन म्हणाली.

रोपं एकदा उपटली की परत लावता येत नाहीत. पाणी येईपर्यंत थांबू या का, असं माझ्या मनात आलं. पण पाणी सुटणार म्हटलं की पऱ्हे उपटायचे, पाणी पोचेस्तोवर जुड्या तयार हव्यात, मग चिखलणी, मग लगेच रोवणी. हे असंच चालत आलंय. मीही खाली बसून उपटू लागले. मुळं सुटतानाचा तो चर्र आवाज, ओल्या मातीचा वास, जुडी बांधायला तणसाची दोरी. हात आपोआप चालत होते. क्षणभर मला खरंच वाटलं की सगळं आहे तिथंच आहे. धुऱ्यावर हिरव्या जुड्यांची रांग लागली. गजूनं चिखलणीला ट्रॅक्टर सांगून ठेवला होता, तोही येऊन उभा राहिला.

मग वर, कुंपणाच्या पलीकडे, पाणी चकाकलं. नामाकाकांनी दार उघडलं होतं.

"आलं गा आलं!" एक बाई ओरडली. सगळ्या उभ्या राहिल्या. पाणी बांबूच्या ओळींतून उतरत होतं, पुढं भुरकट फेस आणि पालापाचोळा घेऊन, अगदी पूर्वीसारखं. गजू तळाच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा होता.

कुंपणाच्या आत, जाळीला लागून, पाणी एकदम दिसेनासं झालं.

आम्ही वाट पाहिली. वरून चकाकी येतच होती. जाळीच्या अलीकडे थेंब नाही. गजू चालत गेला, मग पळत. मीही गेले. जाळीच्या आत गवताखाली मोठा चर होता. गुरं आत येऊ नयेत म्हणून मागच्या वर्षी मशीननं खणलेला, माणूस उभा मावेल एवढा. सगळं पाणी त्यात पडत होतं आणि चराच्या उतारानं नाल्याकडे पळत होतं. जोरात. आवाज करत.

तो चर सगळ्यांना माहीत होता. गजूला, बायांना, रोज त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसणाऱ्या नामाकाकांना. मशीन आलं तेव्हा अर्धं गाव पाहायला गेलं होतं. पण मोरी उघडताना नामाकाकांच्या डोळ्यांपुढे बांध्याच होत्या. धुरे होते, तोंडं होती. पाण्याला वाट माहीत आहे, असंच ते धरून चालले. आम्हीही. कुणालाच तो चर दिसला नाही.

नामाकाका वरून धापा टाकत आले. निळ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि हातांनीच चरात माती लोटू लागले. पलीकडून गजू जाळीखालून फावडं सरकवायला पाहत होता, ते जात नव्हतं.

"काका, राहू द्या."

"थांब गा! दोन टोपले माती टाकली का वळते. थांब तू!"

"काका, पुरुसभर खोल हाय तो."

"मले काय सांगतं? माह्या बांधीपासून खणत आणला तो!" नामाकाका ओरडले. मग थांबले. मातीचे हात तसेच समोर धरून उभे राहिले.

खांबावर कॅमेरा होता. त्यांच्या खिशातला फोन वाजू लागला. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, फोन काढला, "हो साहेब, हो साहेब, बंद करतो," म्हणाले आणि वर चालू लागले. पाठमोरे. थोड्या वेळानं चकाकी बारीक झाली. चरातला आवाज थांबला. नाल्याच्या अंगाला बेडूक ओरडत राहिले.

बाया धुऱ्यावर बसल्या होत्या. ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर वळवून निघून गेला. ऊन चढलं, तशा जुड्या वरून मऊ पडायला लागल्या. सुमननं विहिरीवरून एक घागर आणून त्यांच्यावर शिंपडली, मग दुसरी. तिसऱ्या वेळी घागर अर्धीच निघाली. ती तिनं खाली ठेवली.

"चहा मांडते," ती बायांना म्हणाली. "अन जाताना घेऊन जाजा एकेक जुडी. बकऱ्या खातीन."

कुणी हलेना. पऱ्हे बकरीला घालायचे म्हणजे आमच्याकडे अन्न उकिरड्यावर टाकण्यासारखं. शेवटी सुमननंच एक जुडी उचलून एकीच्या मांडीवर ठेवली. "घे व. सुकवून काय करते? तुही बकरी गाभण हाय ना?" तिनं घेतली. मग दुसरीनं. हिरव्या जुड्या डोक्यावर घेऊन बाया एकामागं एक गावाकडे गेल्या, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, या रोवणीलाच चालल्यात.

गजू बांधीत उभा होता. जमिनीला बोट बोट रुंद भेगा. मी जवळ गेले. मला धीर देता येत नाही. मी म्हटलं, "ऊन फार आहे, घरी चल."

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ताई, तुह्या होस्टेलात माणूस लागते का एखादा?"

"कुणासाठी?"

"माह्यासाठीच. काय बी काम चालन. भांडे घासतो."

नकार द्यायची सवय असलेली मी. रोज कुणी ना कुणी कामाला विचारायला येतं. मी पटकन हिशेब केला, कोण सोडून गेलंय, कुठं जागा आहे.

"लागतो," मी म्हटलं. "गॅसचे सिलिंडर चढवायला माणूस नाही. पण पहाटे यावं लागतं. बस नाही तेव्हा."

"राह्यतो मंग तिथंच."

"सुमन?"

"तिले तो गाडीवाला येईन तवा इथं असा लागन." "मले नाई जमणार त्याच्यासमोर बसणं. तू तिच्यासंगं बसजो."

"बसते," मी म्हटलं.

आम्ही घरी आलो. सुमन चुलीपाशी होती. गजू सवयीनं अंगणात टाकीपाशी वळला, तांब्या बुडवला, पायावर पाणी ओतायला वाकला, आणि तसाच थांबला. पाय कोरडे होते. फुफाटा तेवढा होता घोट्यापर्यंत. तांब्यातलं पाणी त्यानं परत टाकीत ओतलं.